टोल्यूइन: बेंझिनपेक्षा बरं, पण कशात बरं?

प्रश्न थोडक्यात असा: प्रयोगशाळेत आणि शेजारच्या लहान मिश्रण-विभागात विद्रावक म्हणून बेंझिन बंद करून टोल्यूइन आणायचं ठरलं आहे. त्याचे गुणधर्म काय, ते कुठे चालेल, त्यातलं पाणी कसं काढायचं आणि सुरक्षिततेसाठी नेमकं काय बघायचं?

बदल योग्य आहे, करा. पण ‘बेंझिन विषारी, टोल्यूइन सुरक्षित’ एवढंच डोक्यात ठेवून काम सुरू केलं तर फसाल. कर्करोगाच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आगीच्या बाबतीत मात्र फारसा नाही. उलट, झाकण लावलेल्या पिंपाच्या आत नेहमीच्या तापमानाला टोल्यूइन बेंझिनपेक्षा जास्त धोकादायक ठरतं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्याचा हिशेब खाली दिला आहे.

एका मिथिल गटाने काय बदलतं

बेंझिनच्या वलयावरचा एक हायड्रोजन काढून तिथे मिथिल गट बसवला की टोल्यूइन. रेणुभार ९२.१४, घनता २० अंशांना ०.८६७, उत्कलनबिंदू ११०.६ अंश सेल्सिअस, गोठणबिंदू उणे ९५. बेंझिन ८०.१ ला उकळतं आणि ५.५ अंशांनाच गोठतं, कारण त्याचे सममित रेणू स्फटिकात नीट रचले जातात. मिथिल गटाने ती सममिती मोडते. व्यवहारात याचा फायदा असा की थंडीत नळीत बेंझिन गोठून अडतं तसं टोल्यूइन अडत नाही. नाव ‘टोलू’ नावाच्या दक्षिण अमेरिकी झाडाच्या सुगंधी राळेवरून पडलं आहे. आज ते नाफ्थ्याच्या उत्प्रेरकी रिफॉर्मिंगमधून येतं; त्याआधी डांबरातून काढत.

शरीरातला फरकही याच मिथिल गटामुळे पडतो. यकृतातल्या एन्झाइमांना बेंझिनमध्ये हल्ला करायला वलयाशिवाय जागाच नसते. वलयाचं ऑक्सिडेशन होऊन जे पदार्थ बनतात ते अस्थिमज्जेला घातक असतात आणि ल्युकेमियाचं मूळ तिथे आहे. टोल्यूइनमध्ये मिथिल गट हा सोपा मार्ग असतो: आधी बेंझिल अल्कोहोल, मग बेंझोइक आम्ल, मग ग्लायसीनशी जोडून हिप्युरिक आम्ल, आणि ते लघवीतून बाहेर. वलयावर हल्ला होऊन क्रेसॉल बनतं ते अगदी थोडं. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत बेंझिन गट १ मध्ये आहे आणि टोल्यूइन गट ३ मध्ये, म्हणजे ‘मानवात कर्करोगकारक असल्याचं वर्गीकरण करता येत नाही’ या गटात.

जाता जाता: कामगारांच्या तपासणीत फक्त लघवीतलं हिप्युरिक आम्ल मोजत असाल तर सावध राहा. सोडियम बेंझोएट घातलेलं सरबत किंवा लोणचं खाल्लं तरी ते वाढतं. संपर्क कमी असेल तेव्हा ऑर्थो-क्रेसॉल किंवा रक्तातलं, लघवीतलं थेट टोल्यूइन मोजणं जास्त भरवशाचं.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट नक्की बघा. बेंझिन टाळायला टोल्यूइन आणलं आणि त्यातच बेंझिन असेल तर मुद्दाच संपला. पुनर्प्राप्त, म्हणजे एकदा वापरून ऊर्ध्वपातनाने परत मिळवलेल्या स्वस्त मालात ही शक्यता खरी असते. समजा वजनाने ०.१ टक्का बेंझिन आहे. २० अंशांना बेंझिनचा बाष्पदाब टोल्यूइनच्या साधारण ३.४ पट असतो, त्यामुळे वाफेत त्याचा वाटा टोल्यूइनच्या ०.४ टक्क्यापर्यंत जातो. हवेत ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) टोल्यूइन असेल तर ०.२ पीपीएम बेंझिनही आहे, आणि युरोपीय संघाने बेंझिनसाठी ठरवलेली नवी मर्यादा तेवढीच आहे. विश्लेषण-प्रमाणपत्रावर ‘बेंझिन’ अशी वेगळी ओळ नसेल तर मागून घ्या.

रिकामं पिंप

टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते किमान तापमान, सुमारे ४ अंश सेल्सिअस. हवेत वाफेचं प्रमाण १.१ ते ७.१ टक्के असेल तर ती पेट घेते. त्याखाली वाफ अपुरी, त्यावर हवा अपुरी.

आता झाकण लावलेल्या, अर्ध्या भरलेल्या पिंपाचा विचार करा. आतली हवा वाफेने संपृक्त होते. २० अंशांना टोल्यूइनचा बाष्पदाब सुमारे २२ मिमी पारा, म्हणजे वाफ २.९ टक्के. ज्वलनशील पट्ट्याच्या ऐन मध्यात! ४ अंशांना १.१ टक्का आणि ३८ अंशांच्या आसपास ७.१ टक्के. म्हणजे ४ ते ३८ अंश या सगळ्या पल्ल्यात पिंपाची वरची पोकळी पेट घेण्याजोगी असते. बेंझिनचा हिशेब करा: २० अंशांना बाष्पदाब ७५ मिमी, वाफ जवळपास १० टक्के, वरची मर्यादा ८ च्या आसपास. बंद पिंपात बेंझिनची वाफ इतकी दाट होते की ठिणगी पडूनही आतल्या आत पेटत नाही. पेट्रोलच्या टाकीतही हेच घडतं. टोल्यूइनला ही सवलत नाही.

आणि ‘रिकामं’ पिंप? २०० लिटरच्या पिंपात १.१ टक्का वाफ व्हायला साडेआठ ग्रॅम टोल्यूइन पुरतं, म्हणजे दहा मिलिसुद्धा नाही. उलटं करून निथळलेल्या पिंपाच्या कडेच्या खाचेत यापेक्षा जास्त उरतं. अशा पिंपाला कटर किंवा वेल्डिंगचा टॉर्च लावला की झाकण उडतं. पिंप कापून कचरापेटी किंवा शेगडी करायचा मोह होतो तिथेच माणसं जातात. रिकामी पिंपं बूच घट्ट लावून, भरलेल्यांइतक्याच काळजीने ठेवा आणि पिंपं स्वच्छ करणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या.

वाफ हवेच्या ३.२ पट जड असते हे वाक्य सगळीकडे आढळतं. ते शुद्ध वाफेबद्दल खरं आहे. २० अंशांना संपृक्त असलेलं मिश्रण हवेपेक्षा जेमतेम ६ टक्के जड असतं. ते जमिनीलगत सरकतं, गटारात, खड्ड्यात उतरतं, पण दरवाजा उघडल्याच्या झुळकेनेही वर येतं. त्यामुळे ‘वाफ खाली असते, वरचा स्विच चालेल’ हा तर्क करू नका.

ओतताना

टोल्यूइन विजेचं अत्यंत मंद वाहक आहे. नळीतून, गाळणीतून वाहताना द्रवावर विद्युतभार साठतो आणि तो लवकर निघून जात नाही. वाफ पेटवायला ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. सिंथेटिक कपडे घालून चालणाऱ्या माणसाच्या बोटातून निघणारी, आपल्याला जेमतेम टोचणारी ठिणगी त्याहून कितीतरी मोठी असते. पिंपातून कॅनमध्ये ओतण्याचं काम म्हणून असं करावं:

पिंप आणि घेणारं भांडं दोन्ही धातूचं. आधी पिंप अर्थिंगला जोडा, मग पिंप आणि भांडं एकमेकांना तारेने जोडा. झाकणं त्यानंतरच उघडा. क्लॅम्पचा दात रंगाच्या थराखालच्या उघड्या धातूत रुतला पाहिजे. ही चूक सर्रास होते: तार दिसते, क्लॅम्प दिसतो, पण मध्ये रंग असतो आणि जोडणी शून्य. मल्टिमीटरने दोन भांड्यांमधला रोध तपासा. तो १० ओहमच्या आत असावा. नळीचं टोक भांड्याच्या तळापर्यंत न्या, वरून धार सोडू नका, कारण शिंतोड्यांनी भार आणि वाफ दोन्ही वाढतात. पंप असेल तर टोक द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत. गाळणी असेल तर ती भार निर्माण करणारं यंत्रच समजा. गाळणीपासून भांड्यापर्यंत द्रवाला निदान ३० सेकंदांचा प्रवास मिळेल एवढी धातूची नळी ठेवा. भरून झाल्यावर लगेच आत पट्टी घालून पातळी मोजू नका. थोडा वेळ जाऊ द्या. तारा सगळ्यात शेवटी, झाकणं लावल्यावर काढा.

प्लॅस्टिकच्या कॅनला अर्थिंग करता येत नाही. हँडलला तार गुंडाळणं म्हणजे निव्वळ समाधान. याहून वाईट म्हणजे टाकीच्या तोंडातून टोल्यूइनवर प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोरडी भुकटी ओतणं. पिशवी रिकामी होताना भारित होते, भुकटीही होते, आणि खाली ऐन पट्ट्यातली वाफ. रेझिन किंवा रंगद्रव्य घालायचं असेल तर आधी भुकटी, मग नायट्रोजन, मग द्रव. किंवा बंद फीडरने.

नाक, मीटर आणि मर्यादा

टोल्यूइनचा वास काही पीपीएमला येतो, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की काही मिनिटांत नाक मरतं. ‘आता वास येत नाही’ म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नव्हे.

मर्यादांचे आकडे वाचताना गोंधळ होतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेची कायदेशीर मर्यादा आठ तासांना २०० पीपीएम आहे, पण तो फार जुना आकडा आहे. तिथल्याच नायोश या संशोधन संस्थेची शिफारस १००, युरोपीय संघाची ५०, आणि औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संघटनेची २० पीपीएम. काम २० धरून आखावं. शंभराच्या आसपास डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं सुरू होतं. दोनशेच्या पुढे थकवा, गोंधळलेपणा. पाचशे हा जीव धोक्यात घालणारा आकडा म्हणून नायोशने ठरवला आहे. काही हजारांवर शुद्ध हरपते.

हे आकडे किती सहज गाठले जातात ते बघा. ४ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंच खोली, दारं-खिडक्या बंद. एक छोटी बाटली लवंडून १०० मिलि टोल्यूइन सांडलं आणि उडून गेलं: ८६.७ ग्रॅम भागिले ४८ घनमीटर, म्हणजे घनमीटरला १,८०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४७० पीपीएम. एका पेल्याच्याही निम्म्या द्रवात ही अवस्था. तासाला १०० मिलि बाष्पीभवन होणाऱ्या कामात हवा २० पीपीएमवर ठेवायची तर तासाला ११०० घनमीटरहून जास्त ताजी हवा हवी, तीही पूर्ण मिसळणारी; म्हणजे खोलीची हवा तासाला २४ वेळा बदलायची. पंखा लावून हे होत नाही. वाफ निघते तिथेच ओढणारा हूड किंवा शोषक नळी लागते.

मीटरबाबत दोन फसवणुकी. पहिली: ज्वलनशील वायूचा मीटर ‘एलईएलच्या टक्केवारीत’ वाचतो. एलईएल म्हणजे वाफ पेट घेण्याची खालची मर्यादा, इथे १.१ टक्के. त्यावरचा १ टक्का म्हणजे ११० पीपीएम. तो ० दाखवतो म्हणून श्वासाला हवा ठीक, असं मानू नका. तो फक्त आगीसाठी आहे. शिवाय मिथेनवर जुळवलेला असेल तर टोल्यूइनला कमी दाखवतो. निर्मात्याचा सुधारणा गुणक लावा. दुसरी: पीआयडी मीटर (अतिनील दिव्याने वाफ मोजणारा) आयसोब्युटिलीन वायूवर जुळवलेला असतो. १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्याला टोल्यूइनचा गुणक साधारण ०.५ आहे, म्हणजे मीटर ४० दाखवत असेल तर हवेत २० आहे.

दीर्घकाळाचं नुकसान मुख्यतः मज्जासंस्थेचं: स्मरण, रंगदृष्टी, आणि श्रवण. गोंगाटाच्या जागी टोल्यूइन असेल तर दोघं मिळून कानाचं जास्त नुकसान करतात; म्हणून तिथे कानाची तपासणीही वेळापत्रकात हवी. नशेसाठी हुंगणाऱ्यांमध्ये मेंदूतल्या पांढऱ्या भागाची हानी, रक्तातलं पोटॅशियम घसरणं आणि हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू हे सगळं नोंदलं गेलं आहे. गरोदरपणी जास्त संपर्क झाल्यास गर्भाला इजा होते. अशा सहकाऱ्याला हे काम देऊ नये.

डीन-स्टार्क: टोल्यूइन इथे खरं कामाचं

डीन-स्टार्क म्हणजे उकळत्या अभिक्रियेतलं पाणी विद्रावकाच्या वाफेबरोबर ओढून बाजूच्या मोजपट्टीच्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, साठवणारी काचेची मांडणी. बेंझिन जिथे असं पाणी ओढून काढायला वापरत होतात तिथे टोल्यूइन चांगलंच चालतं. टोल्यूइन आणि पाणी ८५ अंशांच्या आसपास एकत्र उकळतात आणि त्या वाफेत वजनाने सुमारे २० टक्के पाणी असतं. बेंझिनच्या मिश्रणात ते ९ टक्केच असतं आणि ते ६९ अंशांना उकळतं. म्हणजे टोल्यूइन पाणी भराभर ओढतं, पण पाणी संपत आलं की फ्लास्क ११० च्या घरात जातो. उत्पादन उष्णतेला नाजूक असेल तर टोल्यूइनचा हट्ट धरू नका, सायक्लोहेक्झेन घ्या. ते पाण्यासह ६९.५ अंशांना उकळतं.

नमुना म्हणून सायक्लोहेक्झॅनोनचं एथिलीन केटाल (कीटोन आणि ग्लायकॉल जोडले जाऊन पाणी बाहेर पडतं तेव्हा बनणारं संयुग). सायक्लोहेक्झॅनोन १९.६ ग्रॅम (०.२ मोल), एथिलीन ग्लायकॉल १४.९ ग्रॅम (०.२४ मोल), पॅरा-टोल्यूइनसल्फॉनिक आम्लाचं मोनोहायड्रेट ०.३८ ग्रॅम, टोल्यूइन १२० मिलि, २५० मिलिचा गोल बुडाचा फ्लास्क, चुंबकीय ढवळणी. तेलाचं बाथ १३५ ते १४० अंश. अपेक्षित पाणी ३.६ मिलि.

ट्रॅप आधीच टोल्यूइनने काठोकाठ भरा. न भरल्यास पहिले १०-१५ मिलि टोल्यूइन फ्लास्कमधून ट्रॅपमध्ये जाऊन बसतं, फ्लास्क दाट होतो आणि तळाशी करपतो. वाफ चढते ती बाजूची नळी ॲल्युमिनियम फॉइलने किंवा काचलोकरीने गुंडाळा. ‘दोन तास झाले, पाणीच येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा उघडी नळी असते: वाफ वाटेतच थंड होऊन परत पडते. नीट चालत असेल तर कंडेन्सरच्या टोकाकडून दुधाळ थेंब पडताना दिसतात, ते ट्रॅपच्या तळाशी जाऊन स्वच्छ पाण्याचा थर होतो, आणि वरचं टोल्यूइन फ्लास्कमध्ये परत वाहतं. थेंब काचेला चिकटून खाली जात नसतील तर ट्रॅप तेलकट आहे. तारेने हलवून उतरवा आणि पुढच्या वेळी साबणाच्या गरम पाण्याने धुवा.

पाणी ३.६ च्या ऐवजी ४ मिलिवर गेलं तर घाबरू नका, अपेक्षेपेक्षा जास्त उत्पादन झालं असंही समजू नका. थोडं ग्लायकॉल टोल्यूइनबरोबर उडतं आणि पाण्याच्या थरात विरघळतं. इथेनॉल वापरून एस्टर करताना ही अडचण मोठी होते: इथेनॉल, पाणी आणि टोल्यूइन तिघं ७४ अंशांच्या आसपास एकत्र येतात, ट्रॅपमधला खालचा थर निम्मा इथेनॉलचा असतो, आणि मोजपट्टीवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तिथे अभिक्रिया पुरी झाली का हे टीएलसी किंवा जीसी या क्रोमॅटोग्राफीच्या चाचण्यांनी बघा.

काम झाल्यावर आम्ल सोडियम बायकार्बोनेटने मारूनच टोल्यूइन काढा, नाहीतर गरम आम्लात केटाल उलट फुटतं. रोटरी बाष्पकात ६० अंशांच्या बाथला ७५-८० मिलिबार पुरतात. शेवटचं टोल्यूइन चिवट असतं, एनएमआर वर्णपटात २.३६ वर मिथिलचं टोक दिसत राहतं. १०-१५ मिलि इथेनॉल घालून दोनदा उडवलं की ते त्याच्यासोबत जातं. उलट, उत्पादनातून अॅसिटिक आम्ल किंवा पिरिडीन काढायचं असेल तर टोल्यूइन घालून उडवणं हा जुना आणि छान उपाय आहे.

कोरडं टोल्यूइन

टोल्यूइनमध्ये मुळातच फार कमी पाणी मावतं, काहीशे पीपीएम. साध्या गरजेला एवढं पुरे: उकळायला ठेवा, पहिला १० टक्के भाग टाकून द्या. पाणी त्या पहिल्या भागाबरोबर निघून जातं. सुरुवातीचा अंश गढूळ असतो, तो स्वच्छ येऊ लागला की उरलेलं वापरण्याजोगं.

याहून कोरडं हवं असेल तर ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) ३०० अंशांना निदान चार तास, शक्य तर निर्वातात, तापवून घ्या. १०० मिलिला १० ग्रॅम. २४ तास झाकून ठेवा. १० पीपीएमच्या खाली येतं. सोडियमच्या रिफ्लक्सपेक्षा (सोडियम घालून उकळत, वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत राहण्यापेक्षा) हे चांगलं कोरडं करतं, आणि सोडियमची ती मांडणी हे प्रयोगशाळेतल्या आगीचं जुनं कारण आहे. सोडियम ९८ अंशांना वितळतो, म्हणजे उकळत्या टोल्यूइनमध्ये तो पाऱ्यासारखा गोळा होऊन हिंडतो. थंड झाल्यावर कवच धरतो आणि आत ताजा धातू राहतो. सहा महिन्यांनी तो नष्ट करायला कुणीतरी त्यात घाईने इथेनॉल ओततो आणि आग लागते. ते टाळण्यासाठीच सीव्ह.

उपयोग आणि काही अभिक्रिया

सगळ्यात जास्त टोल्यूइन विद्रावक म्हणून नव्हे, तर दुसरी रसायनं करायला जातं: मिथिल गट काढून बेंझिन, अदलाबदल करून बेंझिन आणि झायलीन, नायट्रेशनमार्गे टोल्यूइन डायआयसोसायनेट आणि त्यापासून गाद्यांचा लवचीक फोम. इंधनात ऑक्टेन वाढवायलाही ते घालतात. १९८० च्या दशकातल्या टर्बो फॉर्म्युला वन गाड्यांच्या इंधनात तर ८४ टक्के टोल्यूइन असे. हायड्रोजन वाहून नेण्याच्या नव्या पद्धतीत टोल्यूइनला तीन रेणू हायड्रोजन जोडून मिथिलसायक्लोहेक्झेन करतात. त्यात वजनाने ६.२ टक्के हायड्रोजन बसतो. विद्रावक म्हणून ते रंग, थिनर, डिंक, छपाईची शाई आणि रबर यांत लागतं. युरोपीय संघात सर्वसामान्यांना विकल्या जाणाऱ्या डिंकांत आणि फवारणीच्या रंगांत ०.१ टक्क्याहून जास्त टोल्यूइन चालत नाही, हे निर्यात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बेंझिनच्या जागी वापरताना अभिक्रियेत एक फरक पडतो. टोल्यूइन निष्क्रिय राहीलच असं नाही. नायट्रेशन बेंझिनपेक्षा सुमारे २५ पट वेगाने होतं, मुख्यतः ऑर्थो (मिथिल गटाशेजारच्या) आणि पॅरा (त्याच्या समोरच्या) जागी; मधल्या मेटा जागी जेमतेम ४ टक्के. फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेत विद्रावक म्हणून घेतलंत तर तेच आधी अभिक्रिया करील. प्रकाशात क्लोरीन किंवा ब्रोमीन आलं तर वलय सोडून मिथिल गटावर बसतं आणि डोळ्यांतून पाणी काढणारं बेंझिल हॅलाइड बनतं. गंधकाम्लाने धुऊन शुद्ध करायचं असेल तर तापमान ३० च्या खाली ठेवा. टोल्यूइनचं सल्फोनेशन लवकर होतं.

पोटॅशियम परमँगनेटने बेंझोइक आम्ल करण्याचा प्रयोग नेहमीचा: टोल्यूइन ५.३ मिलि, परमँगनेट १७ ग्रॅम थोडंथोडं करून, पाणी २५० मिलि, तीन-चार तास रिफ्लक्स, सतत जोरात ढवळत. टोल्यूइन वर तरंगतं म्हणून ढवळणी मंद असेल तर दिवसभरही काही होत नाही. चिमूटभर टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड घातलं की वेग येतो. गरम असतानाच मँगनीज डायऑक्साइडचा चिखल गाळा, उरलेला जांभळा रंग सोडियम बायसल्फाइटने घालवा, आणि त्यानंतरच हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. क्रम चुकला तर परमँगनेट आणि आम्ल मिळून क्लोरीन सोडतात. मिळालेलं बेंझोइक आम्ल १२२ अंशांना वितळायला हवं.

हातमोजे, साठवण, अपघात

पातळ निळे नायट्राइल मोजे टोल्यूइनपुढे काही मिनिटंच टिकतात. फुगतात, सुरकुततात, आणि वरून धड दिसत असतानाच आतून पाझरू लागतात. थेंब उडाला की काढून टाका. तेवढ्यापुरतेच ते आहेत. लॅटेक्स तर नकोच. हात बुडण्याचं काम असेल तर व्हायटॉन (फ्लोरिनयुक्त रबर) किंवा बहुस्तरीय लॅमिनेटचे मोजे. पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) मोजेही उत्तम, पण ते पाण्यात विरघळतात. टोल्यूइनने हात धुऊन रंग काढायची सवय मोडा: त्वचेतलं तेल जातं, भेगा पडतात, आणि भेगांतून ते आणखी आत जातं.

पॉलिस्टायरीनचा कप समोर विरघळतो, अॅक्रिलिक तडकतं, पीव्हीसीची नळी मऊपणा गमावून काठीसारखी होते, नैसर्गिक रबराचं आणि ईपीडीएम या कृत्रिम रबराचं वॉशर फुगतं. सील व्हायटॉन किंवा टेफ्लॉनचं घ्या. काच आणि स्टीलला काही होत नाही.

साध्या घरगुती फ्रिजमध्ये टोल्यूइनचे नमुने ठेवू नका. फ्रिजचं तापमान आणि फ्लॅश पॉइंट दोन्ही ४ अंशांच्या आसपास, आणि आत थर्मोस्टॅट व दिव्याचा स्विच ठिणगी देणारा. ठिणगीरोधक फ्रिज नसेल तर थंड कपाट बरं.

सांडलं तर आधी ज्वाळा आणि गरम प्लेट विझवायची, पण वाफेत उभं राहून कुठलाही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही. वीज लांबच्या मुख्य स्विचने तोडा. वाळू किंवा व्हर्मिक्युलाइटने शोषून धातूच्या झाकणाच्या डब्यात. गटारात सोडू नका: लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅमच विरघळतं, उरलेलं तरंगत जातं आणि दुसऱ्याच चेंबरपाशी पेटतं. आग लागल्यास फेस, कोरडी पूड किंवा कार्बन डायऑक्साइड. पाण्याचा झोत मारला तर जळतं टोल्यूइन पाण्यावर पसरतं; पाणी फक्त शेजारची पिंपं थंड ठेवायला.

कुणी गिळलं तर उलटी करवू नका. टोल्यूइन पाण्यापेक्षा पातळ वाहतं, उलटीतून फुफ्फुसात गेलं की तीव्र न्यूमोनिया होतो. रुग्णालयात नेताना डॉक्टरांना ‘टोल्यूइन’ हे नाव सांगा; अशा रुग्णाच्या हृदयावर अॅड्रिनॅलिनसारख्या औषधांचा विपरीत परिणाम होऊ शकतो, आणि ते त्यांना आधी कळलेलं बरं. वाफेने बेशुद्ध झालेल्याला बाहेर आणायला हवापुरवठ्याच्या मास्कशिवाय आत धावू नका. साधा सेंद्रिय-वाफेचा कार्ट्रिज मास्क वाफ अडवतो, पण वाफ किती आहे आणि ऑक्सिजन पुरेसा आहे का हे माहीत नसलेल्या टाकीत किंवा खोलीत त्याचा उपयोग नाही.

टाकाऊ टोल्यूइन बिगर-हॅलोजन विद्रावकांच्या डब्यात जातं. नायट्रिक आम्लाच्या डब्यापासून ते लांब ठेवा, शक्यतो वेगळ्या खोलीत. काचेची भांडी आधी टोल्यूइनने आणि मग लगेच नायट्रिक आम्लाने धुण्याची पद्धत असेल तर मध्ये अॅसिटोन नव्हे, साबण आणि पाणी. अॅसिटोन आणि नायट्रिक आम्लही एकत्र आले की भडकतात.